आधाररेषा : कर्नल विल्यम लॅम्बटन

कॅडेट मित्रांनो,

शाळा सोडून मला तीन वर्षं झाली. सध्या मी चेन्नईत भूविज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वेस्ट मांबलममध्ये एका जुन्या घराच्या माडीवर भाड्याने राहतो. माझं गाव हिंगणघाट, जिल्हा वर्धा. आज ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे तो फौजी अधिकारी होता. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम माझ्या या खोलीपासून तीन स्टेशनांवर सुरू झालं, आणि त्याचा शेवट झाला तो माझ्या गावात. तरी बारावीपर्यंत मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

आधी मी इथे कसा आलो ते थोडक्यात सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात जे असतं तेच माझ्याही मनात होतं : खडकवासला. लेखी परीक्षा पार पडली, एसएसबीतून शिफारस झाली, आणि मेडिकलला डाव्या डोळ्यापाशी गाडी अडली. अपील केलं, निकाल बदलला नाही. माझे बाबा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तोफा नेमक्या कुठे उभ्या आहेत हे मोजून देणाऱ्या सर्व्हेच्या कामात त्यांची सारी नोकरी गेली. निकाल कळला त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. माझी शाळेची कॅप मात्र त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. त्यानंतर आमच्या घरात फौजेचा विषय निघेनासा झाला. मी दगडांचा अभ्यास करायला चेन्नईला निघालो तेव्हा स्टेशनवर त्यांनी पाण्याची बाटली हातात दिली आणि गाडी सुटायच्या आधीच मागे वळले.

वेस्ट मांबलम म्हणजे अरुंद गल्ल्या, सकाळी दारोदारी कोलम आणि मांबलम स्टेशनकडे धावणारी माणसं. आमच्या घराजवळ लेक व्ह्यू नावाचा रस्ता आहे, पण तळं कुठेच दिसत नाही. इथे पूर्वी फार मोठा तलाव होता, तो आटवून १९२०च्या दशकात पलीकडचं त्यागरायनगर वसवलं, हे मला घरमालकीण मामींनी सांगितलं. पायाखालच्या जमिनीला स्वतःचा इतिहास असतो, हा माझा इथला पहिला धडा.

पहिल्या वर्षी आमची पहिली फील्ड ट्रिप सेंट थॉमस माउंटला गेली. मांबलमहून लोकल पकडली की सैदापेठ, गिंडी आणि मग माउंट. जेमतेम ९० मीटर उंचीची टेकडी, माथ्यावर पोर्तुगिजांनी बांधलेलं चर्च. या टेकडीचा आणि शेजारच्या पल्लावरमचा दगड भूविज्ञानात जगप्रसिद्ध आहे. त्याचं नाव चार्नोकाइट. कोलकात्यात जॉब चार्नोकच्या थडग्यावर याच जातीची शिळा आहे, म्हणून थॉमस हॉलंड या भूवैज्ञानिकाने १८९३ मध्ये दगडाला त्याचं नाव दिलं. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक. आमच्या विदर्भाचा काळा बेसाल्ट त्याच्यापुढे अगदीच तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा.

हातोडीने दगड फोडून झाल्यावर आम्ही पायऱ्या चढून माथ्यावर गेलो. तिथे एका इंग्रज माणसाचा अर्धपुतळा आहे. मॅडमनी सांगितलं, हा विल्यम लॅम्बटन, भारताच्या मोजणीची पहिली रेषा यानेच इथे आखली. आणि जाता जाता म्हणाल्या, की तो मेला महाराष्ट्रात, हिंगणघाट नावाच्या गावी. माझ्या हातातली वही तशीच राहिली.

त्या रात्रीपासून मी लॅम्बटनचा शोध घेऊ लागलो.

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये, नॉर्थॲलर्टनजवळच्या एका साध्या घरात झाला. साल साधारण १७५३ धरतात. घरात पैसा नव्हता, ओळखीपाळखी नव्हत्या, पण गणित उत्तम होतं. १७८१ मध्ये त्याला ३३व्या पायदळ पलटणीत एन्साइन म्हणजे सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचं पद मिळालं. तेव्हा अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. यॉर्कटाउनला इंग्रज फौज शरण गेली, त्यात लॅम्बटनही युद्धकैदी झाला. सुटका झाल्यावर त्याला कॅनडाच्या बाजूला न्यू ब्रन्सविकमध्ये मोजणीच्या आणि बराकींची व्यवस्था पाहण्याच्या कामावर ठेवलं. बरोबरीचे अधिकारी पुढे जात राहिले आणि लॅम्बटन दहाएक वर्षं त्या थंड प्रदेशात बराकींचे हिशेब ठेवत राहिला.

पण त्या वर्षांत त्याने दोन गोष्टी केल्या. एक, जमीन मोजण्याचा हात बसवला. दुसरी, गणित आणि खगोलशास्त्राची पुस्तकं मागवून एकट्याने अभ्यास केला. सूर्यग्रहण पाहताना त्याच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली असं त्याचे चरित्रकार सांगतात. हे वाक्य मी ज्या रात्री वाचलं त्या रात्री पुस्तक मिटून बराच वेळ गच्चीत उभा होतो. ज्या माणसाने पुढची वीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून अर्ध्या हिंदुस्थानाचे कोन मोजले, त्याच्याकडे धड डोळा एकच होता.

१७९०च्या दशकाच्या शेवटी तो आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली, पुढे असईच्या लढाईत आपल्या मराठी फौजांसमोर उभा राहिलेला आणि नंतर वॉटर्लू जिंकणारा. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम निघाली. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात चालली होती. उत्तरेला आपल्या छावणीकडे परततो आहोत अशी सगळ्यांची समजूत. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की तुकडी दक्षिणेला, थेट शत्रूच्या दिशेने जात आहे. त्याने बेअर्डला तसं सांगितलं. बेअर्डला आधी ते पटेना, मग होकायंत्र पाहिलं तेव्हा लॅम्बटनचंच खरं निघालं. तुकडी वेळेवर वळली. मित्रांनो, नाइट नेव्हिगेशनच्या वर्गात जांभया येतात तेव्हा ही रात्र आठवा.

श्रीरंगपट्टण पडलं. बरेच अधिकारी लुटीचा वाटा आणि बढती यांच्या हिशेबात असताना लॅम्बटनने वेलस्लीमार्फत मद्रासच्या गव्हर्नरकडे एक योजना पाठवली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकून सगळा द्वीपकल्प मोजायचा. नकाशा हा त्याचा एक उपयोग. पण लॅम्बटनला खरी ओढ होती ती आणखी मोठ्या प्रश्नाची : पृथ्वीचा नेमका आकार कोणता? ती विषुववृत्ताशी फुगलेली आणि ध्रुवांशी चपटी आहे हे न्यूटनने सांगितलं होतं, फ्रेंचांनी पेरू आणि लॅपलँडमध्ये मोजूनही पाहिलं होतं. आज आपल्याला माहीत आहे, की विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.६ किलोमीटर भरतो आणि ध्रुवाजवळ १११.७. एवढासा फरक पकडायचा तर शेकडो मैलांची मोजणी अगदी काटेकोर हवी.

पैशाचा हिशेब पाहणाऱ्यांना हे पटणं अवघडच होतं. श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना सांगितलं की पुरे, त्यासाठी मोजणी कशाला, असं मद्रासमधला एक अधिकारी म्हणाल्याची नोंद आहे. तरीही मंजुरी मिळाली. तेव्हा लॅम्बटनचं वय पंचेचाळीसच्या पुढे होतं. ज्या वयात माणसं पेन्शनचा विचार करतात त्या वयात त्याचं खरं काम सुरू झालं.

१० एप्रिल १८०२. सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आधाररेषेची मोजणी सुरू झाली. मॅप रीडिंग शिकलेल्यांना यातली युक्ती लगेच कळेल. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे करता येतात, त्यांच्यावर आणखी पुढचे. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची ती पहिली रेषा. तीच आधाररेषा. ती चुकली तर सगळं चुकलं.

मद्रासची आधाररेषा साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरची होती. मोजायला १०० फुटी पोलादी साखळी. ही साखळी आधी चीनच्या बादशहाला भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूंमध्ये होती, तिथे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत लॅम्बटनच्या हाती आली. साखळी जमिनीवर टाकायची नाही. तिपायांवर लाकडी पेट्या ठेवायच्या, पेट्यांत साखळी ताणून बसवायची, वर तंबूची सावली धरायची, शेजारी थर्मामीटर लावायचे. हे शंभर फूट झाले की उचलून पुढचे शंभर. आणि ऋतू चेन्नईचा एप्रिल-मे. याच दिवसांत इथले लोक अग्निनक्षत्रमला भिऊन दुपारी दारं लावून बसतात.

एवढा खटाटोप कशाला, असं मलाही वाटलं. म्हणून मी वहीत गणित मांडलं. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं तर पोलाद जेवढं लांबतं, त्याकडे दुर्लक्ष केलं तर १२ किलोमीटरच्या रेषेत सुमारे दीड मीटरची चूक शिरते. आणि ही रेषा तर कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत जाणाऱ्या साखळीची पहिली कडी होणार होती.

त्रिकोणांची साखळी पश्चिमेला सरकली. १८०४ मध्ये बंगळूरजवळ लॅम्बटनने पडताळ्यासाठी दुसरी आधाररेषा जमिनीवर मोजली. मद्रासहून त्रिकोणांनी काढलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत सात मैलांमागे चार इंचांहूनही कमी फरक निघाला. पुढे साखळी मंगळूरला पोचली तेव्हा कळलं, की मद्रासपासून तिथपर्यंतचा द्वीपकल्प जुन्या नकाशांत दाखवला होता त्यापेक्षा सुमारे ४० मैलांनी अरुंद आहे.

त्याच्या थिओडोलाइटची कथा तर सिनेमात शोभेल अशी. लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेलं हे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं. ते घेऊन येणारं जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं. इंग्लंड आणि फ्रान्स यांचं वैर असतानाही तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने, हे विज्ञानाचं यंत्र आहे हे ओळखून, ते मद्रासला पाठवून दिलं. मग १८०८ मध्ये लॅम्बटन तंजावरला पोचला. तिथे तेव्हा भोसले घराण्यातले सरफोजीराजे गादीवर होते आणि बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर त्यांच्या वंशाचा मराठी इतिहास कोरून जेमतेम पाच वर्षं झाली होती. सपाट मुलखात टेकड्या नाहीत, म्हणून लॅम्बटनने यंत्र मंदिराच्या उंच शिखरावर चढवायला घेतलं. दोर तुटला. पेटी भिंतीवर आदळली आणि कोन मोजायचं वर्तुळ वेडंवाकडं झालं.

दुसऱ्या कुणी अहवाल लिहून हात झटकले असते. लॅम्बटनने दोष कुणावरही ढकलला नाही. तो तंबूत शिरला आणि सहा आठवडे राबून ते वर्तुळ तसूतसूने ओढत, ठोकत मूळ आकारात आणलं. ते यंत्र त्यानंतरही अनेक वर्षं कामात होतं.

मग त्याने दिशा बदलली. ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीकडून उत्तरेला त्रिकोणांचा लांबच लांब कणा उभा राहू लागला. १८१७ मध्ये त्याला लंडनच्या रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. १८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण तोफखाना अधिकारी मदतीला आला. तोपर्यंत दीड लाखाहून अधिक चौरस मैल मुलूख त्रिकोणांत बांधला जात होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे काम कंपनी सरकारच्या सत्तेसाठी चाललं होतं. ज्यांची जमीन मोजली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि हे काम एकट्या लॅम्बटनचंही नव्हतं. मद्रासच्या १७९४ मध्ये निघालेल्या सर्व्हे स्कूलमधून आलेला जोशुआ डी पेनिंग यांच्यासारखे मदतनीस त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहिले. तीच शाळा वाढत वाढत आज माझ्या लोकलच्या वाटेवर गिंडीला अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून उभी आहे. अर्ध्या टनाचं यंत्र डोंगरावर चढवणारे, टेकड्यांवर निशाण धरून उन्हात उभे राहणारे खलाशी इथलेच. कृष्णा-गोदावरीच्या जंगलात हिवतापाने त्यांतले कित्येक गेले. त्यांची नावं कुठल्या पुतळ्याखाली नाहीत.

जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. वय सत्तरीच्या आसपास, छाती पोखरलेली, तरी मुक्काम तंबूतच. २० जानेवारीला हिंगणघाटच्या मुक्कामी तो वारला. त्याला तिथेच पुरलं. रेषा अजून अर्ध्यावर होती. पुढे एव्हरेस्टने ती देहरादूनपर्यंत नेली. त्या पायावर राधानाथ सिकदार यांच्यासारख्यांनी गणितं केली आणि जगातल्या सर्वोच्च शिखराची उंची निघाली. शिखराला १८६५ मध्ये नाव दिलं गेलं एव्हरेस्टचं. लॅम्बटनच्या वाट्याला शिखर आलं नाही.

आता यातला जो भाग मला वर्गात कळला, तो सांगून थांबतो. दुसऱ्या वर्षी आम्हाला समस्थायित्व हा धडा होता. लॅम्बटननंतर एव्हरेस्टने उत्तरेत कल्याणपूर ते कल्याणा हे सुमारे ६०० किलोमीटरचं अंतर दोन रीतींनी काढलं, त्रिकोणांनी आणि ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत सुमारे पाच सेकंदांचा, म्हणजे १६० मीटरांचा फरक निघाला. ओढून घ्यायला हिमालय होताच, ओळंबा त्याच्याकडे कलला असणार. पण कोलकात्याच्या प्रॅट या पाद्र्याने हिशेब केला तेव्हा हिमालयाने ओळंबा पंधरा सेकंदांहून जास्त ओढायला हवा होता. प्रत्यक्षात ओढला पाचच. १८५५ मध्ये एअरीने याचं उत्तर मांडलं. एअरीचं म्हणणं, डोंगरांना खाली खोल, हलक्या खडकांची मुळं असतात, पाण्यात हिमखंड तरंगावा तसे ते तरंगतात. पृथ्वीच्या पोटाची ही पहिली मोठी खूण एका चुकीतून हाती लागली.

मॅडमनी तेव्हा विचारलं, की १६० मीटरांचा फरक मोजणाऱ्यांची चूक म्हणून सोडून का दिला नाही? वर्ग गप्प होता. मी हात वर केला आणि बंगळूरच्या चार इंचांबद्दल सांगितलं. ज्यांनी आधी स्वतःच्या चुका शोधून शोधून काढून टाकल्या होत्या, त्यांच्या वहीत उरलेली चूक पृथ्वीचीच असणार, असं मानायला जागा होती. ढिसाळ माणसाच्या वहीत तीच चूक मुकी राहिली असती.

त्या दिवाळीत घरी गेलो आणि जेवताना बाबांना हे सगळं सांगितलं. आधाररेषेपाशी आलो तेव्हा बाबांचा घास हातातच थांबला. त्यांनी थर्मामीटर किती फुटांवर लावले होते ते विचारलं, ताण कसा दिला ते विचारलं. मग ताट बाजूला सारून मागच्या कागदावर स्वतः त्रिकोण काढून तोफखान्यात हे काम कसं करत ते मला शिकवत बसले. दीड वर्षात पहिल्यांदाच ते माझ्याशी कामाचं बोलत होते. आई दोनदा ताटं उचलायला येऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लॅम्बटनच्या थडग्यापाशी गेलो. साधंच आहे. बाबांनी चपला काढल्या, वाळलेलं गवत हाताने बाजूला केलं आणि उत्तर कुठली ते मला विचारलं. मी सूर्याकडे आणि घड्याळाकडे पाहून हात दाखवला. त्यांनी खिशातून जुना प्रिझमॅटिक कंपास काढून पडताळून पाहिलं आणि मान हलवली.

परत आल्यावर त्यांनी माळ्यावरची कॅप काढून माझ्या खोलीतल्या खुंटीला लावली. या वेळी स्टेशनवर गाडी हलेपर्यंत ते फलाटावर उभे होते.

तुमच्यापैकी जे अकादमीत जातील त्यांना माझ्या मनापासून शुभेच्छा. माउंटजवळच ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी आहे, कधी आलात तर टेकडी चढून लॅम्बटनला भेटा. आणि ज्यांची गाडी माझ्यासारखी एखाद्या मेडिकलपाशी थांबेल त्यांना एवढंच सांगतो, की मोजून काढण्यासारखं काम अजून भरपूर पडलं आहे. पहिली रेषा तेवढी नीट आखा.